जडत्वासाठी जड वस्तू: नववीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

18 जून 2025

शाळा सोमवारी सुरू झाली. नववीला विज्ञानाचा पहिला धडा गतीचे नियम. दरवर्षी मी पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं ठेवून टिचकी मारते. पुठ्ठा उडतो, नाणं पेल्यात पडतं, मुलं खूश होतात आणि जडत्वाची व्याख्या पाठ करतात. पण पाच-सहा ग्रॅमच्या नाण्याचं जडत्व हाताला काय कळणार? ते डोळ्यांना दिसतं, तेवढंच.

आज मी वर्गात विचारलं, "जडत्व म्हणजे काय वाटतं?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, जड वस्तूला उचलायला त्रास होतो ते." हे उत्तर मला दरवर्षी मिळतं आणि त्यात मुलांचा दोष नाही. संस्कृतात जड म्हणजे अचेतन, आपण होऊन न हलणारं. मराठीत आपण जड म्हणतो ते वजनदार वस्तूला. पुस्तकातला शब्द पहिल्या अर्थाने आलाय, मुलं तो दुसऱ्या अर्थाने वाचतात.

यंदा ठरवलंय की वजन दोरीनं पेलायचं आणि उरलेलं जडत्व मुलांना बोटानं ढकलायला लावायचं. त्यासाठी निदान पंधरा-वीस किलोची वस्तू लागेल, शिवाय छोट्या प्रयोगांसाठी दोन, पाच, दहा किलोच्या. प्रयोगशाळेत आहे काय, तर खाचांच्या वजनांचा अर्ध्या किलोचा एक संच, त्यातल्या दोन चकत्या हरवलेल्या. दुकानदाराकडून पितळी वजनांचा दर मागवला होता. दहा किलोचा आकडा ऐकून मुख्याध्यापकांनी कागद बाजूला ठेवला. मला 1500 रुपये मंजूर झालेत.

21 जून

घरात आणि शाळेत जड काय काय आहे ते मुलांना शोधून आणायला सांगितलं होतं. वरवंटा, खल, इस्त्री, विटा, तांदळाचं दहा किलोचं पोतं, मोटरसायकलची चेन आणि जात्याची वरची तळी. तळी दोघांनी सायकलवरून आणली.

प्रत्येक वस्तू शाळेच्या वजनकाट्यावर ठेवली. वरवंटा 3.4 किलो. बादलीत बुडवून सांडलेलं पाणी मोजलं तर जवळजवळ 1.2 लिटर. म्हणजे घनता 2.8 ते 2.9. आपल्या काळ्या पाषाणाची घनता साधारण तेवढीच असते. सिमेंट काँक्रीट 2.4 च्या आसपास, वाळू पोकळीसकट 1.6, पाणी 1. लोखंडाचा आकडा 7.8.

या आकड्यांवरून माझी खरेदी ठरली. वीस किलो पाणी म्हणजे भरलेली मोठी बाटली, ती वर्गात अंगावर येते. वीस किलो काँक्रीट म्हणजे बांधकामावरची पूर्ण भरलेली घमेली. वीस किलो लोखंड मात्र अडीच लिटरच्या डब्याएवढं. मुलांना आकारानं लहान आणि तरीही न हलणारी वस्तू दाखवायची असेल तर लोखंडच हवं.

22 जून

शिशाचा विचार रात्रभर डोक्यात होता. घनता 11.3, लोखंडाच्या जवळजवळ दीडपट, वितळवायला सोपं, कोकणात मासेमारीच्या जाळ्यांना लावायच्या गुंड्या सहज मिळतात. हेन्री कॅव्हेंडिशनं 1797-98 मध्ये पृथ्वीची घनता काढली, तेव्हा वापरलेले मोठे गोळेही शिशाचेच होते, प्रत्येकी सुमारे 158 किलोचे.

तरीही शिसं नको. हाताळताना त्याचा अंश बोटांना लागतो, बोटं डब्यातल्या पोळीला लागतात, आणि वाढत्या वयातल्या मेंदूला ते घातक असतं. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढण्याची सूचना एका पालकांनी अगदी मनापासून केली होती, त्यांना मी स्पष्ट नाही म्हटलं. आत आम्ल असतं, आणि बाद बॅटऱ्या रीतसर परतच द्यायच्या असतात. कपाटात पाऱ्याची एक जुनी बाटली आहे, घनता 13.6. ती कुलपातच राहील.

28 जून

भंगाराच्या दुकानात दोन तास. काय मिळू शकतं याची खरंच कल्पना नव्हती. ट्रकचे ब्रेक ड्रम, पाण्याच्या मोटारीची बाद खोडं, ऑइल इंजिनाची चाकं. मालकांनी एक रुळाचा तुकडाही दाखवला. रुळाचं वजन त्याच्या नावातच असतं, 52 किलोचा रूळ म्हणजे मीटरला 52 किलो. फूटभर तुकडा सोळा किलो भरेल. वस्तू उत्तम, पण तो तुकडा कुठून आलाय ते कोणी सांगू शकेना. रेल्वेच्या मालासाठी 1966 चा वेगळा कायदा आहे आणि पावती नसलेला माल शाळेत आणायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं.

मग कोपऱ्यात, पत्र्याच्या ड्रममागे, किराणा दुकानातली जुनी मापं दिसली. बिडाची, षटकोनी. आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आल्यामुळे ही मापं किलोच्या भावानं भंगारात जातात. दहा, पाच आणि दोन किलो, तिन्ही उचलली. 17 किलो, दर 42, म्हणजे 714 रुपये. पावती घेतली.

घरी आणून ब्रशनं घासली. पाच किलोचं माप उलटं केलं तर मध्ये एक खळगा, त्यात शिशाची गुडदी ठोकून बसवलेली आणि गुडदीवर वैधमापन खात्याचे बारीक शिक्के, एकावर एक. माप तंतोतंत जुळावं म्हणून त्या खळग्यात शिसं कमी-जास्त करतात आणि तपासणीचा शिक्का त्या मऊ धातूवरच मारतात. कितीतरी वर्षांचे शिक्के होते तिथं. शिसं मुलांच्या हाताला लागू नये म्हणून खळगा एम-सीलनं बुजवला आणि वर काळा रंग दिला. शिक्के झाकताना वाईट वाटलं, म्हणून आधी फोटो काढून ठेवला.

शाळेच्या काट्यावर पाच किलोचं माप 4.99 किलो भरलं. मला एवढं पुरे.

2 जुलै

वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांचं किराणा दुकान आहे. त्यांनी वीस किलोचं माप शाळेला देऊन टाकलं. वर धरायला दांडी आहे, म्हणजे टांगायची सोय आयतीच झाली. आजोबा म्हणाले, "चाळीस वर्षं ह्यानं गूळ मोजलाय. आता शाळेत जाऊ दे."

5 जुलै

आज फौंड्री पाहिली. कोल्हापूरच्या आसपास, शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत, ओतकामाचे कारखाने भरपूर आहेत आणि माझ्या वर्गात दर चौथ्या-पाचव्या मुलाच्या घरचं कुणीतरी तिथं कामाला आहे. एका पालकांनी मालकांची परवानगी काढली.

ज्यासाठी गेले होते ती वस्तू म्हणजे रायझर. साच्यात वितळलेलं बीड ओतलं की ते थिजताना आकसतं. मालाच्या अंगात पोकळी राहू नये म्हणून साच्याला वरून जास्तीच्या धातूचा एक साठा ठेवतात. माल आकसेल तसा तो वरून धातू पुरवतो आणि शेवटी स्वतः थिजतो. मग तो तोडून बाजूला काढतात. त्याचा बाकी काही उपयोग नसतो, परत भट्टीतच जातो. बुटका, भरीव, मडक्याच्या बुडासारखा एक रायझर निवडला. 9.1 किलो, दर 40, म्हणजे 364 रुपये.

त्यावर हातोडा मारून प्रयोग करणार म्हटल्यावर पालक थांबले. "मॅडम, हा बिडाचा हाय. आम्ही ह्यो घणाच्या एका दणक्यात पाडतो. बीड ठिसूळ असतंय, कपचा उडाला तर डोळ्यात जाईल की." हे मला सुचलं नव्हतं. वर लाकडाची जाड फळी ठेवायची आणि सगळ्यांनी चष्मे लावायचे असं ठरलं. चष्म्यांचे 180 रुपये खर्चात धरले.

निघताना शॉट ब्लास्टिंगच्या यंत्राजवळ पाय थांबले. ओतलेल्या मालाला चिकटलेली वाळू काढायला त्यावर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करतात. छर्रे मोहरीपेक्षाही बारीक, मिलिमीटरभरसुद्धा नाहीत. झिजून लहान झाले की चाळून बाजूला टाकतात. ओंजळीत घेतले तर ओंजळ खालीच गेली. मी पंचवीस वर्षं घनता शिकवतेय, पण हात असा खाली जाईल ही माझी स्वतःची अपेक्षा नव्हती. बारा किलो फुकट मिळाले.

6 जुलै

छर्ऱ्यांत वाळूची धूळ होती. ती फुप्फुसाला वाईट, म्हणून सगळे छर्रे पाण्यानं धुऊन गच्चीवर पसरले.

7 जुलै

सगळे तांबडे झाले. रात्रभर पावसाची हवा होती. सकाळी कडक पापुद्रा धरला होता, उलथण्यानं खरवडावा लागला. बारापैकी निम्मे तरी गंजले. धुवायलाच नको होते. उरलेला माल मास्क लावून, वाऱ्याकडे पाठ करून सुपानं उफणला. धूळ पुढे उडाली, छर्रे सुपातच राहिले. मग चमचाभर खोबरेल तेल चोळून बंद डब्यात ठेवले. हेच पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

10 जुलै

गंजलेले छर्रे टाकले नाहीत. एक लिटरच्या मापात शिगोशिग भरले, वजन 4.4 किलो. मुलांनी लगेच हरकत घेतली: लोखंडाची घनता 7.8 असेल तर एक लिटर 7.8 किलो भरायला हवं. उरलेलं गेलं कुठं?

मी उत्तर दिलं नाही. मोजपात्रात पाणी घेतलं आणि एका मुलाला मापात हळूहळू ओतायला सांगितलं. पाणी आत मुरत गेलं. काठापर्यंत यायला 410 मिलिलिटर लागलं. एक लिटरच्या मापात 410 मिलिलिटर हवाच होती! मग छर्ऱ्यांचं स्वतःचं आकारमान 590, आणि 4400 भागिले 590 म्हणजे 7.46. फळ्यावर भागाकार होईपर्यंत वर्गात आवाज नव्हता. पुस्तकातल्या आकड्याच्या इतक्या जवळ, तेही गंजलेल्या मालावर आणि चहाच्या पातेल्याशेजारी बसून.

12 जुलै

चार सारखे डबे. भुसा, पाणी, वाळू, चांगले छर्रे. झाकणं बंद, वर कागद. उचलून हलका ते जड लावायचे. छर्ऱ्यांच्या डब्याला प्रत्येकाचा हात आधी नुसता घसरतो, मग खांदा कामाला लागतो.

त्यानंतरचा प्रयोग मला जास्त आवडतो. हळदीच्या छोट्या डब्यात छर्रे आणि पाच लिटरच्या तेलाच्या डब्यात भुसा व थोडी वाळू, दोन्हींचं वजन डब्यासकट बरोबर एक किलो. सदतीस मुलांपैकी सगळ्यांनी छोटा डबा जड म्हणून सांगितला. काट्यावर दोन्ही एक किलो. पुन्हा उचलले, तरी छोटाच जड लागतो. सत्य कळल्यावरही हात ऐकत नाही. फ्रेंच वैद्य शारपांतिए यांनी 1891 मध्ये हा भास नोंदवला होता. मोठी वस्तू जड असणार असं मन आधीच धरून चालतं, आणि ती तशी निघाली नाही की हलकी वाटते. मोजमाप का करायचं हे सांगायला मला याहून चांगलं साधन मिळालेलं नाही.

16 जुलै

दोऱ्याचा प्रयोग. दोन किलोचं माप वरून दोऱ्यानं टांगायचं, खालीही तसाच दोरा बांधायचा. खालचा दोरा सावकाश ओढला तर वरचा तुटतो, हिसका दिला तर खालचा. शिवणाचा एकपदरी दोरा दोन किलोला टिकलाच नाही, माप खाली पडलं आणि फरशीचा कोपरा उडाला. कुणाचा पाय जवळ नव्हता. यापुढे खाली वाळूची पिशवी असल्याशिवाय काहीही टांगायचं नाही. तिपदरी केल्यावर प्रयोग दहापैकी नऊ वेळा जमला.

19 जुलै

रायझर आणि हातोडा. टेबलावर घडी घातलेलं गोणपाट, त्यावर माझा तळहात, त्यावर रायझर, त्यावर फळी. अर्ध्या किलोच्या हातोडीनं क्रीडाशिक्षकांनी मारलं. तळहाताला फक्त रायझरचं वजन जाणवलं, दणका जवळजवळ नाहीच. मग रायझरऐवजी अर्ध्या किलोचा लाकडी ठोकळा, आणि हाताच्या जागी मातीचा गोळा. मातीत स्पष्ट खळगा पडला.

गणित मुलांनी केलं. हातोडीचा वेग सेकंदाला 4 मीटर धरला तर गतिज ऊर्जा 4 ज्यूल. हातोडी चिकटून गेली असं मानलं तर अर्ध्या किलोच्या ठोकळ्यासह 2 ज्यूल पुढे जातात, 9.1 किलोच्या रायझरसह फक्त 0.2. संवेग दोन्हीकडे सारखाच. आखाड्यात, जत्रेत छातीवर दगड ठेवून फोडतात त्यामागे हेच आहे. दगड जितका मोठा तितकी छाती सुरक्षित. घरी कुणी करून पाहायचं नाही, हे तीनदा बजावलं.

26 जुलै

क्रीडाशिक्षकांनी गोळाफेकीचा पाच किलोचा गोळा दिला. दोलकाला याहून चांगला गोळा विकत मिळणार नाही, पण टांगायला त्याला आकडा नाही आणि छिद्र पाडायला ते अर्थातच देणार नाहीत. जाळीची पिशवी ताणली जाते. तोडगा एका मुलाच्या आजींनी काढला. त्यांनी काथ्याचं शिंकं विणून दिलं, दुधाचं मडकं टांगायचे तसं. गोळा त्यात अचूक बसतो.

व्हरांड्यातल्या तुळईच्या कडीला दोरी बांधली, कडीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत अडीच मीटर. भिंतीला डोकं टेकून उभी राहिले, गोळा हनुवटीला लावला आणि नुसता सोडला. ढकलायचा नाही, एवढीच अट. गोळा गेला, परत आला, हनुवटीपासून दोन बोटांवर थांबला. पुढच्या रांगेतल्या मुली ओरडल्या. मी डोळे मिटले नव्हते, पण श्वास धरला होता हे खरं.

मग दोलनकाल. पाच किलोच्या गोळ्याची दहा दोलनं 31.9 सेकंदांत, तेवढ्याच लांबीवर अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीची 31.6 सेकंदांत. सूत्रानं 31.8. गोळा जलद झुलेल अशी वर्गाची पैज होती.

2 ऑगस्ट

ज्यासाठी सगळं चाललं होतं तो दिवस.

वीस किलोचं माप त्याच कडीला, दहा मिलिमीटरच्या नायलॉन दोरीनं, जमिनीपासून वीतभर वर. खाली जुना टायर. शेजारी तेवढ्याच आकाराचं थर्माकोलचं खोकं, काळ्या कागदात गुंडाळलेलं. मुलांचे डोळे बांधले, प्रत्येकानं दोन्ही वस्तूंना आळीपाळीनं एका बोटानं आडवं ढकलायचं.

थर्माकोल बोट लागताच जातं. मापाला बोट लावलं की बोटाचं पेर मागे वाकतं. एका मुलानं दोनदा ढकलून विचारलं, "बाई, हे बांधून ठेवलंय का?" बांधलेलं नव्हतं. त्यानं दाब तसाच ठेवला आणि माप निघालं, अगदी सावकाश. मग मी सांगितलं, आता थांबव. थांबवताना तेच बोट, तोच विरोध, फक्त उलट्या बाजूला.

डोळे सोडल्यावर विचारलं, "आत्ता तू हे उचलत होतास का?" नाही, दोरीनं उचललं होतं. "मग जड काय लागलं?" बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी दुसऱ्या रांगेतली एक मुलगी, एरवी हात वर न करणारी, म्हणाली, "ते हलायलाच तयार नव्हतं. आणि हललं तर थांबायला तयार नव्हतं." मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि पुस्तकातली व्याख्या त्याखाली.

एकानं विचारलं, अंतराळात वजनच नसतं तर तिथं माणसाचं वजन कसं करतात? 1973 मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर अंतराळवीरांना स्प्रिंगच्या खुर्चीत बसवून झुलवत. वस्तुमान जास्त तर झोका सावकाश. लोखंड कापायच्या करवतीच्या (हॅकसॉ) पात्यांवर असा काटा आपणही करू शकतो. पुढच्या महिन्यात.

6 ऑगस्ट

मधल्या सुट्टीत त्याच मुलीनं मापाच्या दांडीला शिवणाचा एकपदरी दोरा बांधला होता. हिसका दिला की तुटतो. पण ती बोटांच्या चिमटीत दोरा धरून, माप तिच्याकडे झुकेल तेव्हाच अगदी नाजूक ओढत होती, आणि जाताना सैल सोडत होती. पहिली दहा-बारा दोलनं काही दिसत नव्हतं. मग माप बोटभर हललं, मग वीतभर. जो दोरा दोन किलोचं माप पेलू शकला नव्हता, त्यानं वीस किलो झुलत होतं. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. अनुनाद हा शब्द मी तिला तिथंच, व्हरांड्यात सांगितला.

9 ऑगस्ट

खर्चाचा हिशोब दिला. मापं 714, रायझर 364, चष्मे 180, दोरी आणि आकडे 190. एकूण 1448 रुपये. छर्रे, वीस किलोचं माप आणि शिंकं देणगी म्हणून. गोळा क्रीडा विभागाला परत, शिंकं आमच्याकडे.

मुख्याध्यापक म्हणाले, हे सगळं जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेडस्टॉक रजिस्टरमध्ये) चढवा. चढवलं. प्रत्येक ओळीत नाव, संख्या, किंमत आणि शेवटच्या रकान्यात वजन. तो रकाना मी हातानं आखून घेतला.

कडीजवळ दोरीचे दोन पदर उसवलेत. वीस किलोचं माप आज खाली उतरवून ठेवलं. दोरी घासते तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून, नवी दोरी आल्यावरच परत टांगायचं.